नायगावचा पाणवठा

वसंत ऋतूचे वर्णन आपल्या वाङ्मयात विपुल आहे. आम्रमंजरी, मलयवायू, कोकिळेचे कूजन आणि भ्रमरांचा गुंजारव यांवाचून कवींचा वसंत पुढे पाऊलच टाकीत नाही. बीड जिल्ह्यातल्या शाळांतून मराठी शिकविताना ही वर्णने मी वर्षानुवर्षे मुलांना समजावून दिली. पण पुस्तकातून मान वर करून खिडकीबाहेर पाहावे, तो समोर बालाघाटाच्या उघड्या टेकड्या! गवत वाळून पांढरे पडलेले, ओढे कोरडे, झाडांच्या फांद्या निष्पर्ण. एखादा चुणचुणीत विद्यार्थी मग हटकून विचारी, "गुरुजी, आपल्याकडं वसंत येतच नाही का?"

येतो, पण तो मलयवायूच्या पाठीवर बसून येत नाही. आमच्या वसंताचा दूत म्हणजे पळस. कोठेही जा, पळसाला पाने तीनच, ही म्हण तुम्हांला ठाऊक असेल. फाल्गुनात त्याला तेवढीही नसतात. साऱ्या वैभवाचा त्याग करून उभ्या राहिलेल्या त्या वाकड्यातिकड्या झाडावर काळ्या मखमली कळ्या धरतात आणि पाहता पाहता त्यांतून केशरी ज्वाला बाहेर पडतात. या फुलांना गंध नाही, म्हणून काही कवींनी त्यांना नावे ठेवली आहेत. मला तो अन्याय वाटतो. पळसाचे आमंत्रण मुळी माणसांसाठी नसतेच. ते पाखरांसाठी असते, आणि पाखरे वासापेक्षा रंगाला भुलतात. शिंजीर, साळुंकी, बुलबुल, कोतवाल अशी सारी मंडळी त्या फुलांतला मध प्यायला येतात आणि चोचीला, कपाळाला पराग माखून दुसऱ्या झाडाकडे जातात. पाण्याचा थेंब दुर्मीळ झालेल्या दिवसांत या झाडावर मधाची पाणपोई लागलेली असते!

हा वसंत डोळे भरून पाहावयाचा असेल, तर पाटोदा तालुक्यातील नायगावच्या रानात जावे. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना बालाघाटाच्या पठाराची जी उंचसखल भूमी लागते, तिच्यातील सुमारे ३० चौरस किलोमीटरचे वनक्षेत्र शासनाने १९९४ साली मयूर अभयारण्य म्हणून घोषित केले. मोराला राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला तो १९६३ साली. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीवर कडक बंदी आली. घनदाट, हिरव्यागार अरण्याची कल्पना मनात धरून येथे येणाराची मात्र निराशा होईल. हे काटेरी झुडपांचे आणि पानगळीच्या झाडांचे रान आहे. खैर, हिवर, बाभूळ, बोर, निंब, आणि खडकाच्या फटीफटींतून उगवलेली सीताफळीची झुडपे. या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. याच तालुक्याच्या डोंगरात मांजरा नदी उगम पावते आणि ७०० किलोमीटरहून अधिक वाट चालून गोदावरीला मिळते. पण उगमापाशी राहणाऱ्यांच्या वाट्याला नदीचे बालपणच तेवढे येते.

सेवानिवृत्तीच्या वेळी माझ्या कन्येने मला एक कॅमेरा भेट दिला. आमच्या तरुणपणी छायाचित्रण हा श्रीमंतांचा छंद होता. एका रोलमध्ये छत्तीस चित्रे, आणि त्यांतील प्रत्येकाचा हिशेब! आताच्या कॅमेऱ्यात चित्रांची गणतीच नाही. त्यामुळे बोट उचलण्यापूर्वी विचार करण्याची सवय सुटते, अशी माझी एक जुनाट तक्रार आहे. ती तुम्ही मनावर घेऊ नये. हा कॅमेरा गळ्यात अडकवून मी रानोमाळ हिंडतो, हे पंचक्रोशीत एव्हाना सर्वांना माहीत झाले आहे. म्हणूनच त्या भागातील एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिकाबाईंनी मला निरोप धाडला : शनिवारी मुलांना अभयारण्यात पायी नेत आहोत, शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मोराचे एक चांगले छायाचित्र हवे आहे, गुरुजींनी बरोबर यावे.

गुढीपाडव्याला आठ दिवस उरले होते. सूर्योदयापूर्वीच आम्ही निघालो. सहावी-सातवीची बावीस मुले, बाई, मी, आणि आम्हांला वाट दाखविण्यासाठी एक वनरक्षक. हा वनरक्षक माझाच जुना विद्यार्थी. वर्गात त्याचे लक्ष नेहमी खिडकीबाहेर असे. ते किती योग्य ठिकाणी असे, हे मला आता कळते. चालता चालता बाईंनी हलक्या आवाजात सांगितले, की यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले आहेत. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि गळीत हंगाम संपला, की पाडव्याच्या आगेमागे परततात. तोवर ही मुले आजीआजोबांपाशी. "आईबाप आले, की त्यांना भित्तिपत्रक दाखवायचं, असं पोरांनी ठरवलंय," बाई म्हणाल्या. "मोराचा फोटो मधोमध लावायचा आहे."

रानात शिरताच कुसळांनी सर्वांच्या कपड्यांवर आक्रमण केले. सातभाईंचा थवा बोरीच्या बुडाशी पालापाचोळा उलटीत कलकलाट करीत होता. त्यांचे आणि मुलांचे चटकन जमले, कारण दोन्हीकडे गलका सारखाच होता. पुढे तारेवर नीलकंठ बसलेला दिसला. बसलेला असताना हा पक्षी तपकिरी, साधासुधा वाटतो. तो उडाला मात्र, आणि पंखांतील निळाई अशी उघडली, की मुले एकदम गप्प झाली. मी कॅमेरा डोळ्यांशी नेईपर्यंत नीलकंठ दूर गेलेला होता आणि माझ्या चित्रात नुसती तार आली. ते चित्र पाहून मुलांनी मनमुराद हसून घेतले.

"टिपला का, गुरुजी?" एकाने विचारले.

मराठीतील हा टिपणे शब्द मला फार दिवसांपासून आवडतो. पाखरू दाणा टिपते आणि शिकारी पाखरू टिपतो. टीपकागद शाई टिपतो, आई पदराने डोळे टिपते, विद्यार्थी महत्त्वाचा मुद्दा टिपून घेतो आणि छायाचित्रकार दृश्य टिपतो. एकाच शब्दाने पाखराचे जगणे सांगितले आणि त्याचे मरणही! १९३१-३२ साली थोर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला बीड जिल्हा त्या काळी त्याच संस्थानात मोडत असे. तेव्हाच्या पक्षिशास्त्राची रीत अशी, की पक्षी बंदुकीने टिपायचा, त्याचे कातडे पेंढा भरून जपायचे आणि त्यावरून त्याची जात ठरवायची. ज्ञानासाठी का होईना, पाखराला प्राण द्यावा लागे. आज ते काम पुष्कळसे कॅमेऱ्याने होते. बंदुकीपेक्षा कॅमेरा दयाळू खरा. तथापि तो धरणाराचे कुतूहल दयाळू असतेच असे नाही.

मुलांचे लक्ष मात्र जमिनीकडे लागले होते. ती मोरपिसे शोधीत होती. वहीच्या पानांत मोरपीस ठेवले, की त्याला पिलू होते, हा समज आमच्या लहानपणी होता; तो अद्याप टिकून आहे, हे पाहून मला बरे वाटले. पण पिसे काही सापडेनात. वनरक्षक हसून म्हणाला, "आता कशी सापडतील? मोर पिसं टाकतो पाऊस सरता सरता. गणपती-नवरात्रात या. आत्ता तर त्याचा नवा पिसारा भरून आलाय." मग त्याने मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली. आपण ज्याला मोराची शेपटी समजतो, ती शेपटी नव्हेच. खरी शेपटी आखूड, तपकिरी. ती पिसाऱ्याच्या मागे आधारासारखी उभी राहते. पाठीच्या शेवटाला, शेपटीच्या वर उगवलेली दीडशेहून अधिक लांब पिसे म्हणजे पिसारा. मीही त्यात थोडी भर घातली. मोरपिसातील निळा-हिरवा रंग हा रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून परावर्तित होताना तो निर्माण होतो. म्हणून पीस किंचित फिरविले, की रंग बदलतो. कॅमेऱ्यात त्यांतला एकच रंग येतो, कारण कॅमेरा एका वेळी एकाच जागी उभा असतो.

"मग फोटो खोटा असतो का?" एका मुलीने विचारले. सहावीतली, सडपातळ, दोन वेण्या घातलेली. तिच्या हातात चौकटीची वही होती आणि वाटेत दिसलेल्या प्रत्येक पक्ष्याचे नाव ती तीत लिहून घेत होती. मी म्हणालो, "खोटा नव्हे, अपुरा." ते तिला पटलेले दिसले नाही. तिने वहीत काहीतरी लिहिले आणि ती पुढे चालू लागली.

इतक्यात दूरच्या उतारावरून मोराची हाक आली. या हाकेला संस्कृतात केका म्हणतात. बारामतीच्या मोरोपंतांनी आपल्या नावातला मोर ध्यानात घेऊन, ईश्वराला घातलेल्या आर्त हाकांच्या काव्याला 'केकावली' असे नाव दिले. वर्गात केकावली शिकविताना मी मुलांना ही व्युत्पत्ती नेमाने सांगत असे. पण ज्याने केका प्रत्यक्ष ऐकली आहे, त्यालाच त्या नावातील आर्तता कळेल. ती गोड नाही. घशातून ओढून काढलेली, विव्हळ अशी ती हाक आहे. रानात ती एका टेकडीवरून उठते आणि दुसरीवरून तिला उत्तर येते.

हाकेच्या रोखाने आम्ही पाणवठ्यापाशी पोहोचलो. पाणवठा म्हणजे जमिनीत बसविलेली, बशीच्या आकाराची सिमेंटची टाकी. रानातले ओढे आटले, की वनखाते टँकरने पाणी आणून अशी टाकी भरते. पलीकडच्या चिखलात असंख्य पावले उमटली होती. मोराच्या पावलाची तीन लांब बोटे मुलांनी लगेच ओळखली. एके ठिकाणी नाजूक, दुभंगलेल्या खुरांच्या खुणा होत्या. त्या चिंकाऱ्याच्या, असे वनरक्षक म्हणाला. टाकीपासून चाळीसएक पावलांवर घाणेरीची दाट जाळी होती. तिच्याआड आम्ही सारे बसलो. बाईंनी ओठांवर बोट ठेवले. मी कॅमेरा सज्ज केला. सूर्य आमच्या पाठीशी होता आणि पाण्यावर कोवळे ऊन पडले होते. छायाचित्रकाराने आणखी काय मागावे?

प्रथम होले आले. त्यांना आमची फारशी पर्वा दिसली नाही. होल्याची पाणी पिण्याची तऱ्हा पाहण्यासारखी असते. इतर पाखरे चोचीत घोट घेऊन मान वर करतात आणि तो गिळतात. होला मात्र चोच बुडवून गुरांसारखे सलग पाणी ओढतो. मागोमाग बुलबुलांची एक जोडी येऊन गेली. नंतर पलीकडच्या उतारावर, हिवराच्या सावलीत काहीतरी हलले. एक लांडोर, तिच्या मागे दुसरी, तिसरी... आणि सर्वांच्या मागे, सारा पिसारा मातीवरून ओढीत, एक मोर.

मुलांचे श्वास रोखले गेले. लांडोरी दहा पावले खाली आल्या, थांबल्या, माना उंच करून आमच्या जाळीकडे पाहू लागल्या. पुन्हा चार पावले पुढे. पुन्हा थांबल्या. मग पुढची एक वळली आणि साऱ्याच हिवराखाली परतल्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मोर मध्येच दिसे, मध्येच झुडपाआड जाई. तो आणखी वीस पावले खाली आला असता, तर मला हवे होते ते चित्र मिळाले असते. अर्धा तास असा गेला. ऊन चढू लागले. होले कधीच पाणी पिऊन उडून गेले होते; टाकीवर आता कोणीच नव्हते.

"अजून दहा मिनिटं थांबू या, गुरुजी," बाई पुटपुटल्या. "येतील."

तेव्हा ती वहीवाली मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आपण हितं बसलोत तवर ते येत नसतेत, गुरुजी. त्यांला तहान लागली आसंल."

"तुला कसं ग कळलं?" मी विचारले.

"आमच्या वस्तीवर टँकर आला, की मोठी माणसं पुढं ऱ्हात्यात. आम्ही बारकी घागर घेऊन मागंच उभी ऱ्हातोत. ती सरली, की मग जातोत." आणि मग थोडे थांबून, "कवा कवा पाणी सरतंय."

मी वनरक्षकाकडे पाहिले. तो एवढेच म्हणाला, "आत्ता प्याले नाहीत, तर ऊन कलेपर्यंत सावलीतून हलायचे नाहीत, गुरुजी."

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आईवडील खडी फोडण्याच्या कामावर जात आणि मी विहिरीच्या तळाशी उतरून, झऱ्याला पाझरणारे पाणी वाटीवाटीने घागरीत भरीत असे. एक घागर भरायला किती वेळ लागे, ते मी आज सांगू शकणार नाही. पण काठावर रांगेत बसलेल्या माणसांच्या माना खाली वाकलेल्या असत आणि त्या साऱ्या नजरा माझ्या वाटीवर असत, हे मला स्पष्ट आठवते. त्या नजरा काही बोलत नसत.

मी कॅमेऱ्याच्या भिंगावर टोपण लावले आणि बाईंना म्हणालो, "उठू या." एका मुलाने कळवळून विचारले, "मग फोटो?" त्याचा प्रश्न रास्त होता. आम्ही चार मैल चाललो होतो ते त्या फोटोसाठी, आणि भित्तिपत्रकाच्या मधोमध मोकळी जागा त्याची वाट पाहत होती. काही मुलांनी नाराजीने माना फिरविल्या. मी त्यांची समजूत घालण्याच्या भरीस पडलो नाही. वाकून, जाळीच्या आडोशाने, एकामागून एक आम्ही मागे सरलो आणि वळसा घालून समोरच्या टेकडीवर चढलो. तेथून पाणवठा नखाएवढा दिसत होता.

आम्ही टेकून बसतो न बसतो, तोच लांडोरी खाली उतरू लागल्या. या वेळी त्या मध्ये थांबल्या नाहीत. एक, दोन, पाच, सात. मुले बोटे मोडून मोजू लागली. नऊ लांडोरी आणि दोन मोर! दुसरा मोर इतका वेळ कोठे होता, ते आमच्यापैकी कोणालाच कळले नव्हते. त्या टाकीच्या काठाने गोल उभ्या राहिल्या. माना खाली जात, वर येत. पुन्हा खाली जात. इतक्या अंतरावरूनही ती लय दिसत होती. एक जुनी, मोठी लांडोर काठापासून दूर उभी राहून चारी दिशांना पाहत होती. बाकीच्यांचे पिऊन झाल्यावर ती पुढे आली. मोर सर्वांत शेवटी प्याले, की त्यांना उशीर झाला म्हणून ते शेवटी राहिले, यावर मुलांत मागाहून बराच वाद झाला. मला त्याचा निर्णय देता आला नाही.

माझ्या कॅमेऱ्याचे भिंग तितक्या दूरवर पोहोचणारे नव्हते. तरी मी एक चित्र घेतले. घरी येऊन पाहिले, तर पिवळ्या-करड्या उतारावर एक पांढुरकी चकती आणि तिच्याभोवती काही काळे ठिपके. चित्र म्हणून त्याला काहीच किंमत नव्हती. पळसाची, सातभाईंची आणि मुलांच्या कुसळे लागलेल्या पायांची चित्रे त्या मानाने चांगली आली होती. ती सारी मी शाळेकडे पाठविली. ठिपक्यांचेही पाठविले, ते केवळ नोंद म्हणून.

पाडव्यानंतर पंधराएक दिवसांनी मी त्या शाळेत गेलो. भित्तिपत्रक व्हरांड्यात लावलेले होते. पळस एका कोपऱ्यात होता, नीलकंठाऐवजी आलेली नुसती तार दुसऱ्या कोपऱ्यात, तिच्याखाली 'उडाला' असा एकच शब्द. आणि मधोमध मोठे करून चिकटविलेले होते ते ठिपक्यांचे चित्र! प्रत्येक ठिपक्याला पेन्सिलीने बाण काढून नाव दिले होते : लांडोर, लांडोर, मोर, लांडोर. एका बाणापुढे 'म्हातारी' असे लिहिले होते. एका ठिपक्यावरून भांडण झाले असावे, कारण तेथे 'मोर' खोडून 'दगड' आणि 'दगड' खोडून पुन्हा 'मोर' केलेले होते.

ऊसतोडीवरून माणसे परतली होती. वहीवाल्या मुलीचा बाप तिला न्यायला आलेला होता. उन्हाने रापलेला, अबोल मनुष्य. मुलगी त्याचा हात धरून त्याला चित्रापाशी घेऊन गेली आणि एकेक ठिपका दाखवू लागली. तो वाकून पुष्कळ वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "आन् ह्यात पाणी कुठंय?"

तिने पांढऱ्या चकतीवर बोट ठेवले.

"भरतंय कोण ते?"

"टँकर येतो," ती म्हणाली. "आपल्याकडं येतो तसाच."